सव्वा तासाचं माहेर

एकतीस माणसं बाहेर आली. एकतिसावा एक म्हातारा होता, पांढरी टोपी घातलेला, हातात केळीच्या वेफर्सची पिशवी. त्याच्यामागं काचेचं दार सरकून मिटलं. वृषाली काही आली नाही.

मी दाराकडं बघत राहिलो. बॅग शोधत असेल, तोंड धूत असेल, पहिल्यांदाच विमानात बसलीय तर गोंधळली असेल, असं मनाला समजावत पाच मिनिटं काढली. उजळाईवाडीच्या माळावरचं आमचं विमानतळ तेव्हा एवढंसं होतं. या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू जावं. तिथं माणूस हरवायला जागाच नव्हती.

वृषाली माझी धाकटी बहीण. दीड वर्षापूर्वी तिला जळगावला दिली होती. आखाजी पुढच्या मंगळवारी होती. आपण जिला अक्षय्य तृतीया म्हणतो, तिला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि तिकडं या सणाला घरोघरच्या सुना माहेरी जातात. म्हणून मी तिला गुरुवारच्या विमानाचं तिकीट पाठवलं होतं.

खिडकीशी एक पोरगी बसली होती, विमान कंपनीचा निळा स्कार्फ बांधलेली. तिला जाऊन विचारलं.

"वृषाली विसपुते," ती कॉम्प्युटरकडं बघत म्हणाली. "बसल्याच नाहीत सर. नो-शो दाखवतंय."

"असं कसं होईल? सकाळी निघालीय ती घरातून."

"निघाल्या असतील. विमानात नाही बसल्या."

मी वृषालीच्या मोबाइलला फोन लावला. उचलला तिच्या सासूनं. सगळे त्यांना माई म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. आवाज नेहमीसारखाच, साखर घोळलेला.

"उदयभाऊ! पोचली का आमची सून?"

"नाही ना माई. विमानात नव्हती ती."

"अरे देवा! ती तं दहा वाजताच निघाली ना. मी स्वतः ओटी भरली, हेमंतनं रिक्षात बसवलं."

"आणि तिचा फोन तुमच्याकडं कसा?"

"विसरली ना घाईघाईत. पोरीच त्या, माहेर म्हटलं का काही सुचत नाही त्यांना."

मी घड्याळ बघितलं. दीड वाजायला आला होता. दहाला घरातून निघालेली पोर साडेतीन तास कुठंच नव्हती. ना सासरी, ना माहेरी, ना मधल्या आभाळात. 

काचेपलीकडं, दोनशे पावलांवर, तेच विमान उभं होतं. उतरल्यापासून पंचवीस मिनिटांनी ते जसं आलं तसं माघारी जळगावला जायचं. त्याचं सगळं वेळापत्रक मला तोंडपाठ होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. जळगावहून अकरा पंचावन्नला सुटतं, एक दहाला कोल्हापुरात. एक पस्तीसला कोल्हापूर सोडतं, दोन पन्नासला जळगावात.

"मला बसू द्या त्यात," मी त्या पोरीला म्हणालो. "एक तिकीट द्या."

"सर, काउंटर तासभर आधी बंद होतं. आता दारंही लावली."

"अहो, हे काय समोर उभंय!"

"दिसतंय सर मला," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून तिला काय वाटलं कुणास ठाऊक. "थांबा. जळगावच्या ऑफिसला विचारते."

ती विचारत होती तेवढ्यात मला जे आठवत होतं ते सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आम्ही कोल्हापूरच्या गुजरीतले वेदपाठक. तीन पिढ्या कोल्हापुरी साज घडवण्यात गेल्या. बाबा गेल्यावर घरातला कर्ता मीच. जळगावच्या विसपुत्यांचं स्थळ आलं तेव्हा आईनं पहिला शब्द काढला तो "लांब पडतंय" हा. सोन्यासारखं स्थळ, खरोखर सोन्याचंच, पेढी आहे त्यांची, आणि आई आपली एकाच ठिकाणी अडून बसली. मी वर्तमानपत्रातलं कात्रण आणून तिच्यापुढं ठेवलं. जळगाव-कोल्हापूर विमानसेवा सुरू होणार.

"आई, रस्त्यानं पावणेसहाशे किलोमीटर. तेरा तास. मान्य," मी म्हणालो. "पण विमानानं किती? सव्वा तास! तू गडहिंग्लजला तुझ्या माहेरी जातीस तर दोन तास लागतात. म्हणजे तुझ्यापेक्षा तिचं माहेर जवळ."

"आणि विमान बंद पडलं म्हंजे?" आई म्हणाली.

सगळे हसले. मध्यस्थ हसले, काका हसले, सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. वृषाली चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तीही हसली. तिचा माझ्यावर फार विश्वास होता. दादा सव्वा तास म्हणतोय म्हणजे सव्वा तासच.

आमच्याकडं सासुरवाशिणीला आणायला मुराळी जातो. भाऊ, चुलतभाऊ, कोणी नाही मिळालं तर बापाचा भाऊ, पण घरचा माणूस जातो. तिच्या सासरी दोन घास खातो, एक मुक्काम करतो आणि तिला घेऊन येतो. यंदा मी मुराळ्याची गरजच ठेवली नव्हती. तिकीट काढलं, तिच्या नवऱ्याच्या, हेमंतरावांच्या फोनवर पाठवलं, त्यांनी दुकानात त्याची प्रत काढून वृषालीच्या हातात दिली. उंटावरून शेळ्या हाकतात तसा मी विमानावरून मुराळीपण हाकत होतो.

आठ दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. तिचे फोन नेहमीच स्पीकरवर असायचे, मागं भांड्यांचा नाहीतर माईंच्या खाकरण्याचा आवाज असायचा.

"दादा, तू येणार ना न्यायला?"

"कशाला? तिकीट पाठवतोय की. तिकडं हेमंतराव बसवतील, इकडं मी उतरवून घेईन. मधे आभाळात कोण तुला पळवून नेतंय?"

"नाही, पण... तू आला असतास तर बरं झालं असतं."

"अगं, सव्वा तास! तेवढ्यासाठी मी दोन दिवस दुकान बंद ठेवू?"

"बरं," ती म्हणाली. मग मागून माईंचा आवाज आला. "आमच्याकडं बाई घ्यायला माणूस येतो. आता तिकिटं येऊन राहिली!" आणि त्या हसल्या. मीही हसलो. विनोद होता तो, असं मी धरून चाललो.

"सर," निळ्या स्कार्फवाली पोरगी म्हणाली. तिच्या हातात फोन होता आणि चेहरा जरा बदलला होता. "तिथं गेटबाहेर एक बाई सकाळपासून बसल्यात म्हणे. बोला. गेटवरचे हवालदार आहेत."

मी फोन कानाला लावला.

"कोण, भाऊ का?" पलीकडचा माणूस वयस्क वाटला. "साहेब, ताई इथं साडेदहापासून बसेल आहेत. तिकीट आहे त्यांच्याजवळ. पण ओळखपत्र नाही. आधार नाही, मतदानाचं नाही, काहीच नाही. मोबाइलही नाही, नाहीतर त्यात फोटो पाहिला असता. मला आत सोडता येत नाही ना भाऊ. माझी नोकरी आहे."

"अहो, पण तिकिटावर नाव आहे ना तिचं!"

"नाव आहे. ते नाव या ताईंचंच आहे, हे कोण सांगेल? मी म्हटलं घरी फोन करा, कार्ड मागवा. माझा फोन दिला. घरच्यांनी उचलला नाही. दोनदा केला. तुमचा नंबर त्यांना पाठ नाही म्हणे. थांबा, देतो त्यांना."

मग थोडा खरखराट झाला आणि तिचा आवाज आला. कोरडा पडला होता.

"दादा."

"वृषे! अगं कार्ड का नाही घेतलंस?"

"माईंच्या कपाटात असतं. काल मागितलं होतं. म्हणाल्या, तिकीट आहे ना हातात, मग कार्ड कशाला, हरवून ठेवशील." ती थांबली. "दादा, माझ्यासमोर विमान गेलं."

त्याच वेळी आमच्याकडच्या विमानाचे पंखे सुरू झाले. काचा थरथरल्या.

"कसला आवाज येतोय?" तिनं विचारलं.

"विमान. निघालंय."

"इकडं येतंय?"

"हो."

मग अगदी साधेपणानं, लहानपणी विचारायची तशी, म्हणाली, "मग तू त्यात नाहीस?"

मी तिला काउंटरचं सांगितलं, दारं बंद झाल्याचं सांगितलं. ती हूं हूं करत राहिली. बाहेर केवढं ऊन असेल याचा मला अंदाज होता. मे महिन्यातलं जळगाव म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात.

"आता काय करू?" तिनं विचारलं.

आणि मी म्हणालो, "घरी जा."

"घरी?"

"हां. रिक्षानं सासरी जा, पाणी पी, आराम कर. शनिवारच्या विमानानं मी स्वतः येतो तुला न्यायला. शब्द देतो. परवा दुपारी तीनला दारात. बघच तू."



"बरं," ती म्हणाली आणि फोन हवालदाराला दिला.

घरी आलो तर आईनं दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या तयार ठेवला होता, लेकीवरून ओवाळून टाकायला. मला एकट्याला बघून ती तांब्याजवळच बसली. मी सगळं सांगितलं. कार्डाचं, गेटाचं, शनिवारचं.

"घरी जा म्हणालास?" आई म्हणाली. "कुणाच्या घरी?"

"तिच्या."

"तिच्या घरी यायलाच बसली होती न्हवं ती उन्हात?" आई उठली. "गाडी काढ. आत्ता नीघ."

"आई, तेरा तास लागतात. आत्ता निघालो तर पहाटे तिनाला पोचणार. त्या वेळी लोकांच्या दारात काय म्हणून उभा राहू?"

"मुराळी म्हणून."

"आणि शनिवारी? सव्वा तासात पोचतो. ताजातवाना. नीट बोलणं होईल, नीट आणणं होईल. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

आई माझ्याकडं बघत राहिली. मग बोलली ते हळू बोलली, आणि हळू बोलली की मला तिची भीती वाटायची.

"माझा भाऊ गडहिंग्लजवरनं सायकल मारत यायचा. तुझी आज्जी कडक बाई. पण तो आला की दोन दिवस ऱ्हायचा. माजघरात बसायचा, परड्यात जायचा, मी काय खाते, कुठं झोपते, अंगावर लुगडं कसलं हाय, सगळं बघायचा. बोलायचा काय न्हाई. मुराळी न्यायला येत नसतोय उदय. न्यायचं नुसतं निमित्त. तो बघायला येतोय. आणि सासरच्यांना ठावं असतंय की कोणतरी बघून जाणार हाय. तुझं तिकीट काय बघणार?"

मी काहीतरी पुटपुटलो आणि दुकानात निघून गेलो.

शुक्रवारी सकाळी मी हेमंतरावांना फोन केला. "दुकानात गर्दी आहे, माईशी बोला," असं म्हणून त्यांनी ठेवला. माईंना केला.

"आली ना, आली कालच," त्या म्हणाल्या. "आहे ना, इथंच बाहेर बसेल आहे. मजेत आहे. या ना तुम्ही उद्या."

बाहेर बसली आहे. मजेत आहे. मी हे दोन्ही ऐकलं आणि ठेवून दिलं. आईला फक्त दुसरं सांगितलं.

शनिवारी मी त्या विमानात बसलो. दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या, माणसं निम्मीच. खिडकीतून खाली बघत होतो. नद्या, धरणं, मग करपलेली शेतं. चहा संपायच्या आत उतरायची सूचना झाली. मला त्या दिवशीही, लाज वाटते सांगायला, एक क्षण अभिमान वाटला. काय म्हणालो होतो मी? सव्वा तास.

जळगावच्या गेटबाहेर एक कडुनिंबाचं झाड आहे. सावली इतकी विरळ की खाली बसलेल्याच्या अंगावर उन्हाचेच ठिपके पडावेत. गेटवर एक वयस्क हवालदार होता. मी थांबून विचारलं, "गुरुवारी इथं एक बाई..."

"तुम्ही भाऊ का?" तो म्हणाला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "त्या झाडाखाली बसेल होत्या. चार वाजेपर्यंत. मी म्हटलं ताई, विमान गेलं, आता जा. तं म्हणे, दुसरं आलंय ना, त्यात भाऊ असेल."

माझ्याशी बोलून झाल्यावरसुद्धा. मी येणार नाही हे सांगितल्यावरसुद्धा ती ते विमान उतरून माणसं बाहेर येईपर्यंत थांबली होती. मी समोर आली त्या रिक्षात बसलो.

विसपुत्यांचं घर जुन्या गावातल्या गल्लीत. घराला पुढं ओटा, तीन पायऱ्यांचा. गल्ली सणासाठी रिकामी होऊ लागली होती. सुना गेलेल्या, लेकी यायच्या होत्या. एका दारात निंबाच्या फांदीला झोका बांधत होते.

वृषाली ओट्यावर बसली होती. भिंतीला पाठ लावून, शेजारी बॅग. अंगावर जांभळी साडी, ओटीतला एक तांदळाचा दाणा अजून पदराच्या काठात अडकलेला. गाल आणि नाक भाजून काळं पडलं होतं. मला बघून ती उठली नाही. तिनं फक्त बॅगेचा पट्टा हातात घेतला.

"इथं का बसलीस?" मी विचारलं.

उत्तर माईंनी आतून दिलं. त्या पदर सावरत बाहेर आल्या. "या ना उदयभाऊ. अहो, काय सांगू. ओटी भरून लावून दिलेली सून माहेरचं पाणी पिल्याशिवाय घरात घेत नाहीत आमच्यात. घराला चांगलं नसतं. म्हणून म्हटलं, दोन दिवस बस बाई बाहेर. खाट दिली, जेवायला दिलं. काही कमी केलं का वो आम्ही?"

समोरच्या दारातली बाई झोका बांधता बांधता थांबली. "असं कुठं असतं वो माई?" ती म्हणाली, पण माईंनी तिकडं लक्ष दिलं नाही.

गुरुवारची संध्याकाळ, शुक्रवार पूर्ण, शनिवारची दुपार. उन्हात आणि अख्ख्या गल्लीसमोर. हेमंतराव दुकानात जाता-येता तिच्या पायांजवळून चढले-उतरले असतील. बाहेर बसेल आहे. मजेत आहे.

"माई," मी म्हणालो, "तिचं आधार कार्ड द्या."

एवढंच म्हणालो. आवाजही चढला नव्हता. माई आत गेल्या, कपाटाच्या किल्ल्या वाजल्या, आणि मी खिशातून रुमाल काढून तोंड पुसेपर्यंत कार्ड माझ्या हातात होतं. मोबाइलही होता.

"एवढंच ना?" माई म्हणाल्या. "मागितलं असतं तं दिलं नसतं का?"

वृषालीनं माझ्याकडं बघितलं. एका वाक्यात मिळणारी वस्तू होती ती. घरचा माणूस दारात उभा राहून मागेल तर.

"मंगळवारी विमान आहे," माई म्हणाल्या. "तोवर राहा ना. पुरणाचे मांडे खाऊन जा."

"चल वृषे," मी म्हणालो.

"विमानानं?" तिनं विचारलं. तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

"नाही. यष्टीनं."

मग ती उठली. एका पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून तिनं माझा खांदा धरला. पायऱ्या उतरताना मागं वळून काही बघितलं नाही.

त्या रात्री स्टँडजवळच्या लॉजवर मी तिला खोली घेऊन दिली आणि दुसरी माझ्यासाठी. सकाळी सहाच्या पुणे गाडीत बसलो. कंडक्टर आला, "किती?" म्हणाला. मी "दोन" म्हणालो. त्यानं दोन तिकिटं फाडली आणि पुढं गेला. वृषाली त्या तिकिटाकडं बराच वेळ बघत होती.

अजिंठ्याकडचा रस्ता तेव्हा खणून ठेवलेला. गाडी बैलगाडीसारखी हिंदकळत होती. ती खिडकीशी, मी शेजारी. औरंगाबाद आलं, गेलं. मी तिला केळी दिली, पाणी दिलं, आईशी फोनवर बोलायला दिलं. आईशी ती "हो" आणि "येतेय" एवढंच बोलली. बाकी सहा-साडेसहा तास गप्प.

मीही गप्प होतो, आणि माझ्या गप्प बसण्याचं कारण वेगळं होतं. ते सांगायची वेळ आता आली.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला मी जळगावला गेलो होतो. दोन दिवस राहिलो. घर बघितलं. वृषाली सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं खायची, तेही माईंनी "जेव आता" म्हटल्यावर. हेमंतराव तिच्याशी बोलायचे ते माईंमार्फत. मी ते पाहिलं होतं. निघताना ती रिक्षापर्यंत आली. माई दारात होत्या, म्हणून ती माझ्या बॅगेची चेन लावायचं नाटक करत खाली वाकली आणि म्हणाली, "दादा, मला इथं नाही राहता येत. फोन त्यांच्याकडं असतो. कपाटाला कुलूप असतं. मला घेऊन चल."

मी म्हणालो, "संसारात असं होतंच गं. वरीस-सहा महिने काढ. नेतो सणाला."

आणि कोल्हापूरला येऊन आईला म्हणालो, "मजेत आहे."

झाकली मूठ सव्वा लाखाची. स्थळ मी जुळवलेलं, अंतर मी मोजून दिलेलं, सगळ्यांत मोठ्यानं मी हसलेलो. आखाजीला न्यायला मी स्वतः गेलो असतो तर ते घर मला पुन्हा बघावं लागलं असतं. बघून आईला सांगावं लागलं असतं, माईंना विचारावं लागलं असतं. म्हणून तिकीट पाठवलं. वेळ वाचवायला नव्हे, दुकानासाठी नव्हे. तोंड चुकवायला. पाचशे किलोमीटर आभाळ मी स्वतःच्या आणि तिच्या मधे घातलं होतं आणि त्याला सव्वा तास म्हणत होतो.

नगरच्या स्टँडवर गाडी अर्धा तास थांबली. माणसं चहाला उतरली. आम्ही बसूनच होतो. दुपारचे साडेबारा झाले असतील. वृषालीनं पदराच्या काठातला तो तांदळाचा दाणा काढला, बोटांत फिरवला आणि खिडकीबाहेर टाकला.

"दादा," ती म्हणाली. "एक विचारू?"

"विचार."

"मी दिवाळीत तुला सांगितलं होतं. रिक्षाजवळ. तुला तेव्हा कळलं होतं का?"

सोपं होतं. "नीट ऐकू आलं नाही गं, रिक्षाचा आवाज होता," असं म्हटलं असतं तर तिनं मानलंही असतं. तिला माझं सगळं पटायची सवयच होती. माझ्या जिभेवर ते वाक्य आलंही होतं. पण तिच्या नाकावरची भाजलेली कातडी सुटायला लागली होती, आणि ती माझ्याकडं बघत होती.

"कळलं होतं," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळं. त्याआधीही दिसलं होतं."

मला वाटलं, आता ती रडेल. किंवा उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसेल. आईसारखी हळू आवाजात बोलेल. यातल्या कशालाही मी तयार होतो. ती मात्र मागं टेकली आणि तिनं मोठा श्वास सोडला.

"मग बरं," ती म्हणाली. "सहा महिने मला वाटत होतं, मलाच नीट सांगता आलं नाही."

त्याला आता बरीच वर्षं झाली. ते विमान पुढच्याच वर्षी बंद पडलं, आईनं म्हटलं होतं तसं, आणि आमच्यापैकी कोणाला त्याचं काही वाटलं नाही. वृषाली गुजरीत माझ्या शेजारच्या पाटावर बसून साजाची पानं घडवते. हात माझ्यापेक्षा चांगला आहे. माझ्याशी नीट बोलते, हसते, राखी बांधते. पण कुठं जायचं असलं तर मला विचारत नाही, किती वेळ लागेल म्हणून. दुसऱ्या कोणाला विचारते.

त्या दिवशी नगरला ते एवढं एक वाक्य बोलून तिनं डोळे मिटले. गाडी हलली तेव्हा ती गाढ झोपली होती, दोन रात्री ओट्यावर जागलेली. मी तिची बॅग मांडीवर घेऊन बसून राहिलो. कोल्हापूर अजून आठ तासांवर होतं.